मोडीत देण्याआधी जुना दागिना वाचायचा कसा

"ताई, हे सगळं मोडायचंय. किती येतील तेवढं सांगा."

सोन्याचा भाव चढला की हे वाक्य आमच्या पेढीवर रोज ऐकू येतं. पुण्यात सोन्या मारुती चौकापासून चार पावलांवर आमचं लहानसं दुकान आहे. आजोबा सराफी करायचे, बाबा करतात, आणि मी रत्नपरीक्षा शिकून, भिंग घेऊन त्याच गादीवर बसते. डबा उघडायचा, वजन करायचं, टंच (सोन्याची शुद्धता) काढायचा, रक्कम सांगायची, असं हे खरं तर दहा मिनिटांचं काम. माझ्याच्यानं ते दहा मिनिटांत होत नाही. जुन्या दागिन्यात सोन्याची किंमत असते, खड्याची असते, कारागिराच्या हाताची असते आणि वयाचीही असते. मोडीच्या पावतीवर यातली पहिलीच चढते. उरलेल्या तिन्हींची तिथं मोजदादच होत नाही.

म्हणून एकच डबा घेऊन सगळं समजावून सांगते. डबा सदाशिव पेठेतल्या एका काकूंचा आहे असं धरा. (तपशील दोन-तीन घरांचे मिळून केलेत.) त्यात सासूबाईंची बोरमाळ, पिवळ्या खड्याची अंगठी, मोत्यांची नथ, चपट्या हिऱ्यांच्या कुड्या, दोन तुटक्या बांगड्या आणि तळाशी कापसात गुंडाळलेलं एक वाघनख. सोबत त्यांची मुलगी. तिला हे मोडून आलेल्या पैशांत स्वतःचं 'बर्थस्टोन', म्हणजे जन्ममहिन्याचं रत्न, हवं होतं. तिचा वाढदिवस नोव्हेंबरमधला.

आधी बोरमाळ. काकू म्हणाल्या, "सासूबाई चार तोळ्यांची सांगायच्या." हिशोब इथूनच घसरायला लागतो, कारण तोळे दोन आहेत. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा. आज भाव विचारताना आपण ज्याला तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. सासूबाईंचे चार तोळे आजच्या मापाने जवळजवळ पावणेपाच होतात. शिवाय ते वजन नुसत्या सोन्याचं होतं की लाखेसकट, हे कुणाला आठवत नसतं. बोरमाळेचे मणी पोकळ असतात. पातळ पत्र्याचा मणी दबू नये म्हणून आत लाख भरतात. गोठांतही लाख असते. काट्यावर ठेवलं की लाख आणि दोरा दोन्ही सोन्याबरोबर तोलले जातात.

समजा बोरमाळ ४० ग्रॅम भरली आणि लाख-दोरा मिळून ९ ग्रॅम निघाले. राहिलं ३१ ग्रॅम. त्याचा टंच ८३३ आला, म्हणजे हजारात ८३३ भाग सोनं, म्हणजेच २० कॅरेट. ३१ ला ०.८३३ ने गुणलं की शुद्ध सोनं सुमारे २५.८ ग्रॅम. २२ कॅरेटच्या नव्या बांगड्यांत हेच सोनं २८ ग्रॅमच्या आसपास दिसेल, आणि घडणावळ त्यावर वेगळी. चाळीस ग्रॅम घेऊन गेलो आणि अठ्ठावीसच हातात आले, मग सराफाने फसवलं, असं घरी जाऊन वाटतं. कधी फसवलेलं असतंही. पण पुष्कळदा फरक लाखेचा आणि टंचाचाच असतो, फक्त तो गिऱ्हाइकासमोर उलगडून सांगितलेला नसतो. मोड देताना सांगा की लाख माझ्यासमोर काढा, निव्वळ वजन माझ्यासमोर करा, टंचाचा आकडा पावतीवर लिहा. हे मागण्यात संकोच नको, तो तुमचा हक्क आहे.

आता, जुनं सोनं २४ कॅरेटचं असणार असं घरोघरी समजतात, मग टंच २० का येतो? कारण शुद्ध सोनं मऊ असतं, त्याचा दागिना टिकत नाही. त्यात तांबं आणि चांदी मिसळावीच लागते. त्यातून जुन्या दागिन्यात डाग, म्हणजे सोनं वितळवून दिलेले जोड, फार. मणी जोडायचा, कडी लावायची, फासा बसवायचा, तर प्रत्येक ठिकाणी डाग द्यावा लागतो, आणि डागाचं सोनं मुद्दाम हलकं ठेवतात, म्हणजे ते दागिन्याच्या आधी वितळतं. जितके जोड जास्त, तितका आटवल्यावरचा टंच खाली. पुढे डागात कॅडमियम घालायची पद्धत आली. तेच ते 'केडीएम'. कॅडमियमने टंच फारसा उतरत नाही, पण त्याची वाफ कारागिराच्या फुप्फुसांना घातक. दागिन्यावर केडीएम असा शिक्का दिसला तर तो हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेची अधिकृत खूण, नव्हे, हे लक्षात ठेवा.

टंच काढायच्या तीन रीती आहेत. पहिली कसोटीची. काळ्या गुळगुळीत दगडावर दागिना घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर तेजाब (आम्ल) लावायचं. हलकी रेघ आधी विरते. 'कसाला लागणं' आणि 'बावनकशी' हे आपले शब्द या दगडावरूनच आलेत. बाबांची नजर अजून अर्ध्या कॅरेटचा फरक सांगते. दुसरी रीत एक्स-रे यंत्राची. दागिना आत ठेवला की मिनिटभरात पडद्यावर सोनं, चांदी, तांब्याचे टक्के येतात. मात्र हे यंत्र वरचा अगदी पातळ थरच वाचतं. जाड मुलामा असेल तर ते फसतं, म्हणून दोन-तीन जागी लावून पाहायला सांगावं. तिसरी रीत सगळ्यांत खात्रीची, पण तिच्यासाठी दागिन्याचा तुकडा काढावा लागतो. तो शिसं आणि चांदी घालून भट्टीत तापवतात, मग चांदी नत्राम्लात विरघळवून मागे राहिलेलं सोनं तोलतात.

नवं घेताना यातलं काही करायची गरज सहसा पडत नाही. हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे दागिन्याची ओळख सांगणारा सहा अंक-अक्षरांचा क्रमांक, नसलेला नवा दागिना सराफ गिऱ्हाइकाला विकू शकत नाही. बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेट असेल तर ९१६) आणि हा क्रमांक, अशा तीन खुणा भिंगातून दिसल्या पाहिजेत. क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की त्याची नोंद समोर येते. दोन ग्रॅमच्या आतले दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाव या खडे जडवलेल्या प्रकारांना या सक्तीतून सूट आहे. आणि घरातल्या जुन्या बिनशिक्क्याच्या दागिन्याची धास्ती घेऊ नका. तो बाळगायला किंवा सराफाला विकायला काहीच आडकाठी नाही. हवं तर मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात नेऊन तुम्ही स्वतः टंच काढून घेऊ शकता.

पिवळ्या खड्याच्या अंगठीपाशी आम्ही सगळ्यांत जास्त वेळ थांबलो.

"हा पुष्कराज आहे, सासऱ्यांना गुरूसाठी घालायला सांगितला होता," काकू म्हणाल्या. असेलही. पण 'पुष्कराज' या एका नावाखाली बाजारात तीन वेगळे खडे फिरतात. एक पिवळा नीलम, म्हणजे नीलम आणि माणिक ज्या खनिजाचे असतात त्याच कुरुंदाचा पिवळा भाऊ. दुसरा टोपाझ, ज्यालाही पुष्कराज म्हणायची जुनी सवय आहे. तिसरा सुनेला, म्हणजे सिट्रीन, क्वार्ट्झचा पिवळा प्रकार. त्यातही बाजारातला बहुतेक सुनेला म्हणजे भट्टीत तापवून पिवळा केलेला जांभळा ॲमेथिस्ट असतो. दिसायला तिघे सारखे. काठिण्य, म्हणजे ओरखडा न पडू देण्याचं १ ते १० मधलं माप, अनुक्रमे ९, ८ आणि ७. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

रंगावरून यांतलं काहीच ठरत नाही. पाण्यात बुडवलेली काठी वाकडी दिसते ना, तसाच खड्यात शिरताना प्रकाश वाकतो, आणि प्रत्येक रत्नाचं वाकवण्याचं माप ठरलेलं असतं. त्याला वक्रीभवनांक म्हणतात. पिवळ्या नीलमाचा १.७६ ते १.७७, टोपाझचा १.६१ ते १.६४, सुनेल्याचा १.५४ ते १.५५. तळहाताएवढ्या यंत्रावर खड्याचा वरचा सपाट पैलू टेकवायचा आणि आकडा वाचायचा, खडा अंगठीतून काढावासुद्धा लागत नाही. काकूंच्या खड्याचा आकडा दीडच्या जरा पुढे थांबला. सुनेला.

काकूंचा चेहरा उतरला, ते मला दिसलं. पण मुलगी म्हणाली, "मग माझं बर्थस्टोन कोणतं?" इथे दोन परंपरांची गल्लत होते, ती सोडवून सांगते. आपली नवरत्नं ग्रहांची आहेत. रवीचं माणिक, चंद्राचा मोती, मंगळाचं पोवळं, बुधाचा पाचू, गुरूचा पुष्कराज, शुक्राचा हिरा, शनीचा नीलम, राहूचा गोमेद, केतूचा लसण्या. कुणाला कोणतं चालेल ते पत्रिकेवरून ठरवतात, वाढदिवसाच्या महिन्यावरून नाही. महिन्याचं रत्न ही पाश्चात्त्य परंपरा. तिची आज चालणारी यादी अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने १९१२ साली ठरवली आणि नंतर ती वाढत गेली. डिसेंबरच्या टांझानाइटचंच बघा. हा खडा टांझानियात १९६७ साली सापडला आणि २००२ मध्ये यादीत बसला. ऑगस्टला स्पिनेल २०१६ मध्ये मिळालं. जानेवारीचा गार्नेट, फेब्रुवारीचा ॲमेथिस्ट, एप्रिलचा हिरा, मेचा पाचू, जुलैचं माणिक, सप्टेंबरचा नीलम ही नावं तुम्ही ऐकली असतील. मला यात गैर काही वाटत नाही. लेकीला वाढदिवसाला तिच्या महिन्याचा खडा द्यावा, ही छानच गोष्ट आहे. फक्त ती यादी आहे, शास्त्र नाही, आणि पत्रिकेतल्या रत्नाशी तिची सांगड घालू नये.

आणि नोव्हेंबरला त्या यादीत दोन खडे आहेत, टोपाझ आणि सिट्रीन. मुलीचं बर्थस्टोन तिच्या आजोबांच्या अंगठीत आधीपासून बसलेलं होतं.

खडा घेताना आणखी दोन गोष्टी माहीत हव्यात. सोन्याचा कॅरेट शुद्धतेचा आहे, चोविसात किती भाग सोनं ते सांगणारा. खड्याचा कॅरेट वजनाचा, २०० मिलिग्रॅमचा. रत्ती हे वजनाचं जुनं माप मात्र जागेगणिक बदलतं. सोनाराची रत्ती सुमारे ०.६१ कॅरेटची, तर रत्नांच्या बाजारात 'पक्की' म्हणतात ती सुमारे ०.९१ कॅरेटची. तेव्हा पाच रत्तीचा खडा सांगितला तर वजन कॅरेटमध्ये लिहून मागा. दुसरी गोष्ट काठिण्याची. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे बारीक कण असतात, त्यांचं काठिण्य ७. त्याहून मऊ खडा रोजच्या अंगठीत काही वर्षांत धुरकट होतो. ओपल, मोती, पोवळं कानात-गळ्यात घालावं. वाघोलीच्या खाणींत कॅव्हन्साइट नावाचं गर्द निळं खनिज सापडतं. त्याच्यामुळे जगभरच्या संग्राहकांना वाघोली हे नाव ठाऊक आहे. लोक ते माझ्याकडे अंगठीत बसवायला आणतात. काठिण्य ३ ते ४. मी नको म्हणते. ते काचेच्या कपाटातच शोभतं.

नथीत मोती आणि मधे एक लाल खडा होता. "बसऱ्याचे मोती," असं काकूंच्या घरात परंपरेने सांगत आले होते. बसऱ्याचा मोती म्हणजे इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती, शिंपल्यात आपसूक तयार झालेला. जपानमध्ये शिंपल्यात मणी घालून मोती पिकवायची युक्ती साधली आणि १९३० च्या दशकात आखातातला धंदा जवळजवळ बसला. म्हणून जुना नैसर्गिक मोती आज दुर्मीळ आहे. दातावर घासून खरखरीत लागला की खरा, ही परीक्षा प्लास्टिक ओळखायला ठीक आहे. नैसर्गिक की पिकवलेला हे दात सांगू शकत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एक्स-रे काढून मोत्याच्या पोटात काय आहे ते पाहावं लागतं. नथीतल्या टपोऱ्या मोत्यांसाठी तो खर्च करावा असं मी सुचवलं, बारक्या मोत्यांसाठी नाही.

लाल खड्याचं दुःख वेगळं. जुनी नथ आहे म्हणजे माणिक अस्सलच असणार, असं आपण धरून चालतो. पण ऑगस्त व्हेर्नुई या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्योतीच्या उष्णतेने माणिक बनवायची कृती १९०२ साली जाहीर केली. त्यानंतर घडलेल्या कुठल्याही दागिन्यात बनवलेलं माणिक असू शकतं. शंभर वर्षांची नथ आणि तेवढाच जुना कारखान्यातला खडा, असं प्रत्यक्षात पाहायला मिळतं. दसपट दाखवणाऱ्या भिंगाखाली अशा खड्यात वाकड्या, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेषा आणि गोल बुडबुडे दिसतात. निसर्गाच्या माणकात रेषा सरळ असतात आणि रेशमाच्या धाग्यांसारख्या बारीक सुया दिसतात. कधी तो लाल खडा स्पिनेलही निघतो, आणि ते वाईट मुळीच नाही. ब्रिटनच्या राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' शतकानुशतकं माणिक म्हणून मिरवलं, ते स्पिनेलच आहे.

नव्या माणकाबद्दल एक इशारा. भेगांमध्ये शिसेयुक्त काच भरलेलं माणिक स्वस्तात मिळतं आणि डोळ्यांना सुंदर दिसतं. लिंबाच्या रसानेसुद्धा त्यातली काच खराब होते. पाचूच्या भेगांत तेल भरण्याची रीत तर फार जुनी, म्हणून पाचू गरम पाण्यात कधी घालू नये. खड्यावर काय प्रक्रिया झाली आहे हे प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. मोठी रक्कम देणार असाल तर जीआयए, आयजीआय किंवा जयपूरच्या जेम टेस्टिंग लॅबोरेटरीसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्या, आणि त्यातलं प्रक्रियेबद्दलचं वाक्य आधी वाचा.

कुड्यांमधले हिरे चपटे, बंद कोंदणातले. आज दिसतो तो ५७-५८ पैलूंचा लखलखता हिरा खालून निमुळता असतो आणि वरून शिरलेला प्रकाश परत वर फेकतो. जुना चपटा हिरा तसं करू शकत नाही, म्हणून कारागीर त्याच्यामागे चकाकता चांदीचा पातळ पत्रा घालून कडेने शुद्ध सोन्याचं कोंदण दाबून बसवत. उजेडात धरल्यावर तो मंद, पाणीदार चमकतो. याच कारणाने असे दागिने पाण्यात बुडवू नयेत. पाणी आत शिरलं की पत्रा काळा पडतो, आणि मग चांगला हिराही काच आहे असं वाटायला लागतं. मुलीने विचारलं, "याला नवे पैलू पाडून घेता येतील का?" येतील. पण त्यात काय जातं ते नासक हिऱ्यावरून समजतं. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला हा हिरा १८१८ साली, दुसऱ्या बाजीरावाची सत्ता गेली तेव्हा, इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनला पैलू पाडून ८० कॅरेटवर आला, आणि १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा पैलू पाडून ४३.३८ कॅरेटचा केला. झळाळी वाढली असेल. पण त्र्यंबकेश्वरी जो हिरा होता तो आता कुणालाच पाहता येणार नाही. माझ्या पुढ्यात येणाऱ्या प्रत्येक जुन्या हिऱ्याच्या वेळी मला हे आठवतं.

प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्यांबद्दल इथेच सांगते. ते खोटे नाहीत, तेही शुद्ध कार्बनच. दुकानातलं टोक टेकवून तपासायचं यंत्र दोन्हींना 'हिरा' म्हणतं. फरक किमतीत आहे, आणि पुढे विकताना तो जास्तच जाणवतो. हौसेला जरूर घ्या, पण त्याला ठेव समजू नका.

राहिलं वय. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या मुलांकडे पणजीचे दागिने पाठवण्याआधी हे तपासा. वाघनखाचं तर त्याहून कडक आहे. वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच. सोन्यात मढवलेलं असलं तरी वाघाचं नख विकणं-घेणं गुन्हा आहे, आणि मालकीचं प्रमाणपत्र नसेल तर घरात ठेवणंही अंगाशी येऊ शकतं. पुष्कळ वाघनखं शिंगाची किंवा खुराची बनवलेली निघतात, पण तो निवाडा सराफाने करायचा नाही. मी काकूंना ते तसंच कापसात गुंडाळून परत दिलं आणि वनविभागाकडे विचारायला सांगितलं. हस्तिदंती वस्तूंनाही हेच लागू.

वयाचे पैसे कशाला मिळतात, हे पुस्तकापेक्षा डोळ्यांनी शिकावं. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक दुपार काढा. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून जमवलेला आणि पुढे राज्य शासनाला दिलेला तो संग्रह. तिथले अडकित्ते आणि दिवे नीट पाहिले की हाताने केलेली वस्तू कशी ओळखायची ते कळायला लागतं. दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात, कानस लागल्याच्या खुणा राहतात, रोजच्या वापराने कडा जिथे झिजायला हव्यात तिथेच झिजलेल्या असतात. 'अँटिक फिनिश' म्हणून आज विकतात ते नवं सोनं रसायनाने काळवंडलेलं असतं. त्याचा काळेपणा सगळीकडे सारखा बसतो. म्हणूनच जुनी वस्तू आणताना पॉलिश करून आणू नका. ते काळेपण निघालं की वयाचा पुरावाही निघून जातो, जुन्या नाण्यांचं तर विशेषच.

काकूंनी शेवटी तुटक्या बांगड्या मोडल्या, तेवढंच. त्यांत ना खडा होता ना काम, त्या मोडण्यासारख्याच होत्या. बोरमाळ लाख भरायला आणि गाठवून घ्यायला दिली. नथीचे दोन मोठे मोती तपासायला मुंबईला गेलेत, अहवाल यायचाय. कुड्यांचे फोटो काढून, वजन लिहून, वहीत सासूबाईंचं नाव आणि लग्नाचं साल टिपून ठेवायला मी सांगितलं. मुलीच्या बोटाला आजोबांची अंगठी मोठी होत होती. ती दोन मापं कमी करायला ठेवून गेली आहे.